बाबांचा काऊबॉय पिक्चर

सानपाडा,
२९ डिसेंबर २०२४

दिपेशदादा,

आज बाबांचा दहावा झाला. सकाळी आपण सगळे खाडीवरच्या घाटावर जमलो. गुरुजी वेळेवर आले. पिंड ठेवले. कावळे समोरच्या विजेच्या खांबावर बसून राहिले. उशिराने एक खाली आला. मग जेवणं झाली. मी दुपारी घरी आले, कपडे धुतले, आणि आता तुला लिहायला बसले आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तूच बोलतोस. समोर असतानाही तूच बोलतोस. पत्रात मला पूर्ण वाक्य लिहिता येईल.

कावळा शिवत नव्हता तेव्हा बाबांच्या नावाने काय काय कबूल केलं गेलं ते मी ऐकत होते. गोटीरामकाका म्हणाले, "हिरामण, पोरीचं लग्न करून देतो." मी एकेचाळीस वर्षांची आहे. कावळ्यालासुद्धा ते खरं वाटलं नसावं. पुतळाआत्या म्हणाली, "हिरू, तुझ्या पोरीला मी सांभाळीन." आत्याला सध्या दोघं जण धरून चालवतात. कोणी तरी म्हणालं, नव्या समाजमंदिरात फोटो लावू. त्यावरही कावळा हलला नाही. मग तू पुढे झालास, गॉगल काढलास आणि म्हणालास, "काका, तुमचा काऊबॉय पिक्चर सगळ्या गावाला पडद्यावर दाखवू. आपला शब्द आहे."

त्याच वेळी जेवणाचा टेम्पो रिव्हर्स घेताना वाजायला लागला. आपण सगळे मागे वळलो. पिंडाभोवतीची गर्दी हटली आणि कावळ्याला जागा मिळाली. मी सांगते ते असं आहे. पण तोवर सगळ्यांनी हात जोडले होते, आणि आता बाबांचा जीव त्या पिक्चरमध्येच अडकला होता असं ठरून गेलं आहे.

तू पिक्चर पाहिला आहेस का? मला जे माहीत आहे ते सांगते. साधारण सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईची एक कंपनी आपल्या, आता विमानतळात गेलेल्या, जुन्या गावात आली. आपला डोंगर आणि खालची मिठागरं विलायती काऊबॉय पिक्चरसारखी दिसायची, आणि भाडं कमी, म्हणून. पिक्चरचं नाव 'साढेतीन फुट के डाकू'. त्यातली सगळी माणसं ठेंगणी. बाकीची सर्कशीतून आणलेली, एकटे बाबा गावातले. डोक्यावर मोठ्या हॅट, कमरेला पिस्तुलं, बसायला माथेरानची घोडी. दारूच्या गुत्त्याचं दार नेहमीच्या उंचीवर टांगलेलं, आणि डाकू ते न उघडता खालून आत जातात. विनोद तो एवढाच. बाबा डाकूंचे सरदार होते. घरात त्यांनी त्या पिक्चरचं नाव कधी काढलं नाही. नावाबद्दल एकदाच बोलले होते, की माझी उंची तीन फूट दहा इंच आहे, त्या लोकांनी चार इंच खाल्ले.

दोन वर्षांपूर्वी त्यातला एक तुकडा मोबाइलवर फिरत होता. कोणीतरी त्याला माणसांच्या हसण्याचा आवाज जोडला होता. आमच्या पतपेढीत जेवणाच्या सुटीत एकीने मला तो दाखवला. मी म्हटलं, हे माझे वडील आहेत. ती म्हणाली, "अय्या, किती क्यूट." बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

म्हणून सांगते, पिक्चर दाखवू नकोस. त्यांच्या माघारी सगळं गाव त्यांना हसलेलं मला नको आहे.

जागृती

•

उलवे,
२ जानेवारी २०२५

जागू,

तुझं पत्र कुरियरने ऑफिसला आलं. रजिस्टर सही करून घेतलं तर पोरं बोलली, शेठ, वकिलाची नोटीस आली वाटतं. मी दार लावून वाचलं. नोटीस असती तर बरं झालं असतं, तिला उत्तर द्यायला माणूस ठेवलाय मी. आता हे मी बोलतोय आणि फोन लिहितोय, तुझी कुंदनवहिनी प्रिंट काढून देणार. चुका असतील त्या फोनच्या.

बघ, टेम्पोबिम्पो ते सगळं ठीक आहे. तू शिकलेली आहेस. पण शंभर माणसांच्या समोर कावळा शिवला ना? मी शब्द दिला आणि शिवला. आता मी फिरलो तर उद्या माझ्या साइटवर स्लॅब पडला तरी लोक बोलणार, हिरामणकाका नाराज आहेत. तसाच एक प्लंबर बोललापण.

प्रोग्राम सेट झालाय. सव्वीस जानेवारी, नव्या गावाच्या मैदानावर. सकाळी झेंडा, मग सत्यनारायण, दुपारी हळदीकुंकू, संध्याकाळी दहावीच्या पोरांचा सत्कार आणि रात्री पिक्चर. गिरगावात एक म्हातारा भेटला, त्याच्याकडे कॅसेट होती, त्याच्याकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. पूर्ण पिक्चर, एक नंबर. मी पहिली पाच मिनिटं बघितली, मग फोन आला.

लोक हसतील बोलतेस. अगं कॉमेडी आहे तो! हसले नाय तर फ्लॉप. हसवणारा माणूस मोठा असतो, असं मी भाषणात पण घेतलंय. तू येऊन दिवा लावायचा, तुझं नाव पत्रिकेत टाकलंय. बॅनरचा फोटो सोबत जोडलाय, बघ आणि सांग. टेन्शन नको घेऊ.

दिपेश

•

सानपाडा,
५ जानेवारी २०२५

दिपेशदादा,

बॅनर पाहिला. सगळ्यात मोठा फोटो तुझा आहे. त्याच्या शेजारी नगरसेवकांचा, जे पूर्वी नगरसेवक होते. त्यांच्या खाली तुझ्या दोन पार्टनरचे. बाबा उजव्या कोपऱ्यात, केटररच्या मोबाइल नंबरच्या वर आहेत. 'गावाचे पहिले फिल्म स्टार' ही अक्षरं त्यांच्यापेक्षा उंच आहेत. ज्या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी खाली बघून पाहिलं, त्याला बॅनरवरही शोधावं लागतं, हे तुमच्या डिझाइनरने बरोबर केलं आहे.

तू लिहितोस की तो कॉमेडी पिक्चर आहे. मला एक विचारायचं आहे. तो कॉमेडी आहे हे बाबांना कोणी सांगितलं होतं का? मला माहीत नाही. तुलाही माहीत नसणार. माहीत असेल तर एकट्या पुतळाआत्याला. त्या दिवसांत ती त्यांच्याबरोबर होती. तिला विचार, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत कळव. तुझ्या शब्दांत नको.

दिवा लावायला येईन की नाही ते त्यानंतर सांगेन. पत्रिकेतलं नाव तू मला न विचारता टाकलं आहेस, ते न विचारता काढलंस तरी चालेल.

जागृती

•

उलवे,
१० जानेवारी

जागृती बाय,

मना लिवता येत नाय, कुंदन लिवते. मी बोलते तसाच लिव, शुद्ध करू नको, असा तिला सांगलाय.

तुजा बापूस नि मी पाठोपाठची भावंडा. पिक्चरवाली आली तवा तो वीस-बावीस वर्साचा असल. डोंगराखाली त्यांनी लाकराचा गाव बांदला. आमी हसलू, आख्खा गाव हाय इथं, त्याच्यात ह्ये दुसरा गाव कशाला बांदतान? हिरू बगाया जेला नि दुसऱ्या दिसाला मोठी टोपी घालून आला. बोल्ला, पुतले, मना डाकूंचा सरदार केलाय. आई बोल्ली, आधी मिठाची पाटी उचल, मंग सरदार हो.

घोरी माथेरानची होती, लाल. त्या दिसांत तो तिलाच चारा घालायचा, तिच्याशीच बोलायचा. परत येताना गावातून घोरीवर बसून यायचा, मुद्दाम मोठ्या रस्त्याने. घोरीवर बसला का तो सगल्यांच्या वर. खाली उतरला का परत तोच हिरू.

पिक्चर पनवेलला लागला तवा मना घेऊन जेला. नवा शर्ट शिवलेला. तो परद्यावर आला, घोरीवर बसून, डोले असे करून. खरा सांगते बाय, मना भ्या वाटला. माजाच भाऊस, पन भ्या वाटला. आख्खी टाकीज गप. मंग त्याने तोंड उघरला, तर आतून आवाज आला पिपानीचा. पोपट बोलतो तसा. हिरूचा आवाज कसा व्हता तुला म्हाईत हाय, रिकामी मरकी घुमल तसा घुमायचा. त्यांनी त्याचा आवाज काढून टाकला नि दुसऱ्या कोनाचा बारीक आवाज घातला. त्याला कोनी सांगला पन नव्हता. टाकीज फुटली हसून. म्होरं तो जवा जवा तोंड उघरी तवा तवा हसत.

मी बोल्ली, हिरू, चल भायेर. तो बोल्ला, बस. मी मरतो तवर बस. शेवटाला मरतो तो पिक्चरात. तवर बसला. भायेर येऊन मना भजी घेतली नि बोल्ला, मी हसवाया नव्हतो जेलो, पुतले. मी डाकू व्हाया जेलतो. मंग पिक्चरचा नाव काडला नाय.

म्होरं यष्टीत लागला, स्टँडवर माइकवर बोलायला. फलाट नंबर चारवर अलिबाग गारी लागली हाय, असा. तवा सगल्या पनवेलने त्याचा खरा आवाज आयकला. कोन हसला नाय. हसला असता त गारी चुकली असती.

आता तू बोल. दाखवू नको बोललीस त मी दिप्याचा कान धरते. तो मोठा बिल्डर झालाय, पन कान अजून आहे तिथंच हाय.

तुजी आत्या,
पुतळा

•

सानपाडा,
१३ जानेवारी २०२५

दिपेशदादा,

आत्याचं पत्र मिळालं. कुंदनवहिनीला सांग, तिने चांगलं लिहिलं.

मोबाइलवरच्या तुकड्यात तो चिरका आवाज मी ऐकला होता. हसण्यासारखाच तोही नंतर कोणीतरी जोडला असेल असं मला वाटत होतं. तो मूळ पिक्चरमध्येच आहे हे आत्ता कळलं. बाबा तीस वर्षं स्टँडवर माइकसमोर बसले. रिटायर झाल्यावरसुद्धा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला लागले की मागे उभे असलेले लोक मान वर करून बघायचे, एवढा आवाज कुठून येतो म्हणून. त्या माणसाच्या तोंडात पिपाणी घातली. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण त्यांना आवडत नाही एवढं मला कळत होतं.

आता माझं म्हणणं ऐक. पिक्चर दाखव, पण आवाज बंद करून. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणी नकोत, तुझा डीजे नको, मागून कोणी माइकवर सांगत राहायचं नाही. बाबांनी तोंड उघडेपर्यंत आत्याला भीती वाटली होती. स्वतःची बहीण असून. तेवढं लोकांनी पाहावं असं मला वाटतं. एकदा तरी गावाने त्यांना डाकू म्हणून बघावं. नंतर काय म्हणायचं ते म्हणा.

असं होणार असेल तर मी दिवा लावायला येते.

जागृती

•

उलवे,
१७ जानेवारी

जागू,

आवाज नसलेला पिक्चर? लोक जेवून येणार, पोट भरलेलं असणार, वरनं आवाज नाय, सगळे झोपणार. मी डीजेवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलोय. त्याला बोललो, तुझं काम फक्त आवाज बंद ठेवायचं. तो बोलला, शेठ, त्याला माझी गरज काय? पण मी त्याला ठेवलाय. बंद ठेवायला पण माणूस लागतो, नायतर कोणी तरी चालू करतो. आपलं गाव आहे.

आत्याने खरंच कान धरला. कामावरच्या चार लोकांसमोर. त्यामुळे मान्य. एक वाक्य मात्र मी सुरुवातीला बोलणार, 'मूक श्रद्धांजली' म्हणून, म्हणजे लोकांना वाटेल मुद्दाम आहे.

बॅनरवर काकांचा फोटो वाढवायला सांगितला. आता माझ्या खांद्यापर्यंत येतात.

दिपेश

•

सानपाडा,
२७ जानेवारी २०२५

आत्या,

तुला ताप आला म्हणून काल तू मैदानावर येऊ शकली नाहीस. वहिनी म्हणाली, रात्री तू तीनदा विचारलंस, लोक हसले का. वहिनी जेवणाच्या आवराआवरीत होती, तिने पिक्चर पाहिला नाही. म्हणून मी लिहिते. वहिनी तुला वाचून दाखवेल.

लोक हसले नाहीत.

आधी भाषणं झाली. दादाने मूक श्रद्धांजलीबद्दल बराच वेळ बोलून सांगितलं. मी दिवा लावला. दिवे गेले आणि पडद्यावर हॅट घातलेली छोटी माणसं आली. पुढच्या रांगेतली मुलं खिदळायला लागली, पण आवाज नसल्यामुळे त्यांना पुढे काय करायचं ते कळेना. ती गप्प झाली. मग बाबा आले. लाल घोडीवर, टाचा मारत, डोंगरावरून सरळ आमच्या अंगावर. तू सांगितलं होतंस तसेच डोळे. आत्या, मलाही भीती वाटली. सगळं मैदान शांत होतं. मला वाटलं, झालं. एवढंच हवं होतं.

तेवढ्यात गोटीरामकाका उभे राहिले आणि ओरडले, "आरं, यो त माजा बांद!"

बाबांची घोडी त्यांच्या बांधावरून गेली होती. मग कोणीतरी म्हणालं, ती बघ आमची विहीर. तो वडाचा पार. तो बघ डोंगर, अख्खा डोंगर, वरचं देऊळ दिसतंय. बायका खुर्च्या सोडून पडद्याजवळ गेल्या. पिक्चरला आवाज असता तर लोकांना ऐकावं लागलं असतं. आवाज नव्हता, म्हणून सगळे बोलायला मोकळे झाले. ती अट माझी होती.

पुढचा सगळा पिक्चर तसाच गेला. डाकूंनी बँक लुटली तेव्हा लोक बँकेमागचं मिठागर कोणाचं यावर भांडत होते. बाबांनी शेरिफच्या माणसाला दोरीने बांधलं तेव्हा एक म्हातारी मोठ्याने रडली. मी तिच्याकडे पाहिलं. ती बाबांच्या मागे वाळत घातलेल्या जाळ्यांकडे बोट दाखवत होती.

दादा तिथे प्रोजेक्टरजवळ होता. लोक म्हणाले, थांबव, थांबव. तो थांबवायचा. मग पुढे. मग पुन्हा थांबव. शेवटी बाबांना गोळी लागली. ते घोडीवरून पडतात, तुला माहीत आहे. ते अर्धे पडले आणि गोटीरामकाका म्हणाले, थांबव. बाबांच्या मागे एक आंब्याचं झाड होतं. ते गोटीरामकाकांचं की खालच्या आळीचं, हे ठरेना. खालच्या आळीतला एक जण घरी जाऊन त्याच्या आईला घेऊन आला. तोवर बाबा तसेच. एक पाय रिकिबीत, हात वर, हॅट उडालेली. कोणीतरी मला चहा आणून दिला. मी चहा संपवला तरी ते पडतच होते. तू टाकीजमध्ये ते मरेपर्यंत बसली होतीस. मीही बसले, पण मला बराच जास्त वेळ लागला.

झाड खालच्या आळीचं ठरलं. मग गोटीरामकाका माझ्या शेजारी येऊन बसले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बरा झाला गो, सगली बारकी मानसा घेतली व्हती. उंच घेतली असती त मागचा कायच दिसला नसता."

ते चांगल्या मनाने बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. डोंगर कापून सपाट केला, बांध गेला, तिथे आता विमानतळ आहे, आणि गावाचा असा फोटो कोणाच्याच घरात नाही. हे मला कळतं. पण मी लोकांच्या हसण्याची तयारी करून गेले होते. कोणी हसलं की उठून काय बोलायचं ते ठरवलं होतं, पाठ केलं होतं. कोणी बघणारच नाही याची तयारी केली नव्हती. त्याला काय बोलायचं असतं?

एक गोष्ट तुला सांगायची आहे. आवाज नव्हता म्हणून मी बाबांच्या ओठांकडे बघत होते. पिक्चरात ते गावकऱ्यांना धमकी देतात तेव्हा खरं म्हणजे ते धमकी देत नव्हते. ते घोडीशी बोलत होते. "उबी ऱ्हा बाय, उबी ऱ्हा." मला स्पष्ट दिसलं. मी तसं कोणाला तिथे सांगितलं नाही.

औषध वेळेवर घे.

जागृती

•

उलवे,
३० जानेवारी

जागू,

सुपरहिट! अगं काय रिस्पॉन्स. मला खारघरवरून, पनवेलवरून फोन येतात, आपल्यासारखी उठवलेली बाकीची गावं आहेत ना, त्यांचे. बोलतात, आमचं गाव दिसतं का बघा जरा, कोपऱ्यात कुठे. मी बोललो, असलं तर सापडेल. काका जिंकले. आत्या बोलली तू थोडी नाराज आहेस. अगं नाराज कशाला? कोणी हसला? एक माणूस हसला नाय. तुला पाहिजे तेच झालं ना?

आणि कावळ्याचं आत्ता मला समजलं. काकांना पिक्चर नव्हता दाखवायचा, त्यांना आपल्याला गाव दाखवायचं होतं. हे मी कमिटीत बोललो तर सगळे रडले.

आता मुद्दा. पब्लिक डिमांड आहे की दर वर्षी सव्वीस जानेवारीला दाखवायचा. पण पूर्ण नको, दोन तास होतात आणि मधे मधे ते डाकू येतात. फक्त गाव दिसेल असा वीस मिनिटांचा कट पाहिजे. सीवूड्सला एक एडिटर आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो, हुशार पोरगा. मी त्याला विचारलं, माणसं काढायची कशी? तो बोलला, शेठ, सोप्पं आहे. सगळी माणसं ठेंगणी असल्यामुळे ती खालच्या भागातच आहेत. चित्राचा खालचा भाग कापला की वर डोंगर, झाडं, घरं सगळं क्लीन राहतं. कुठे कुठे हॅटची टोकं दिसतील, ती पुसता येतात. घोडीवर बसलेले काका जरा वर येतात, तिथे काय करायचं ते बघतो बोलला.

शेवटी पाटी टाकू, 'सौजन्य : कै. हिरामण', मोठ्या अक्षरात. तुझी परवानगी पाहिजे, म्हणजे तशी नकोय, पण कमिटी बोलली विचार. लगेच कळव. तो पोरगा पुढच्या आठवड्यात लग्नसराईत अडकतो.

दिपेश

•

सानपाडा,
२ फेब्रुवारी २०२५

दिपेशदादा,

पत्र मिळालं. तू विचारलंस, हे बरं केलंस. आत्तापर्यंत या पिक्चरबद्दल कोणी कोणाला काही विचारलं असं झालेलं नाही.

तू म्हणतोस की मला पाहिजे तेच झालं. मला काय पाहिजे होतं ते मी १३ तारखेच्या पत्रात लिहिलं होतं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर पुन्हा वाच. नसेल तर राहू दे.

काकांना गाव दाखवायचं होतं असं तू कमिटीत सांगितलंस. बाबा त्या गावात राहत होते तेव्हा गाव त्यांना काय म्हणायचं ते तुला आठवत नसेल. मला आठवतं, कारण पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही आईच्या वर्षश्राद्धाला आलो होतो तेव्हाही त्याच नावाने हाक मारत होते. ते इथे सानपाड्याला येऊन राहिले आणि परत गेले नाहीत. त्यांना गावाची आठवण यायची की नाही, मला सांगता येणार नाही. तुलाही नाही. कावळ्याला विचारलं तर त्याने त्या दिवशी भात खाल्ला एवढंच तो सांगेल.

तरी मी तुला अडवत नाही. लोक पडद्याला हात लावत होते ते मी पाहिलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांना डोंगर परत बघावासा वाटला तर त्यात मधे उभं राहणारी मी कोण? कट करा. दर वर्षी दाखवा.

पण 'सौजन्य'ची पाटी टाकू नकोस. ज्या पिक्चरमधून माणूस कापून काढला त्याचे आभार त्याच पिक्चरच्या शेवटी मानायचे, हे वाचताना कोणाला तरी वाईट वाटेल. बहुतेक मलाच.

आणि एक काम कर. तुझ्या त्या एडिटरला सांग की वरचा भाग तुम्हाला आणि कापलेला खालचा भाग मला. फेकू नको म्हणावं. पूर्ण दोन तासांचा, जसा कापला जाईल तसा, वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून मला पाठव. बाबा घोडीवर बसलेत तिथे काय करायचं म्हणून तो अडला आहे ना? तिथे काही करू नकोस. ते सगळे तुकडे अख्खे माझ्याकडे दे. त्यामुळे डोंगराचा थोडा भाग तुमच्याकडे कमी पडेल. पडू दे.

बाबांच्या आणि घोडीच्या पायाखालची जमीनही माझ्याकडच्या तुकड्यांत येईल, त्याला इलाज नाही. ती कोणाची होती हे ठरवायला मात्र माझ्या घरी कोणी येऊ नये. गोटीरामकाकांनाही सांग.

कुरियरने पाठवलंस तरी चालेल. मी सही करून घेईन.

आत्याचा ताप उतरला का ते वहिनीला कळवायला सांग.

आज रविवार आहे. सकाळी मेथीची जुडी आणली होती, ती तशीच कागदात पडून आहे. आता निवडायला बसते.

जागृती